काळे फडके कुठे गेले?

पहिला कॅमेरा घेऊ पाहणाऱ्या माणसाला हल्ली एक सल्ला हमखास मिळतो. “अहो, दोन्ही सारखेच. जो स्वस्त पडेल तो घ्या.” हा सल्ला ऐकायला मोठा समंजस वाटतो. देणाऱ्याला डोके चालवावे लागत नाही आणि घेणाऱ्याचे मनही दुखत नाही. माझे म्हणणे असे, की तो साफ चुकीचा आहे. आणि नुसता चुकीचा असता तरी मी गप्प बसलो असतो, पण तो छायाचित्रणाच्या मुळावर येणारा आहे.

हवेत बोलायला नको म्हणून दोन कॅमेरे समोर ठेवतो. एक कॅननचा आर५०, २०२३ साली आलेला. दुसरा निकॉनचा झेड३०, २०२२ सालचा. दोन्ही बिनआरशाचे, बाजारात ज्यांना मिररलेस म्हणतात त्यांपैकी. दोन्ही नवशिक्यांसाठी म्हणून काढलेले. दोहोंच्या लेन्स बदलता येतात. आणि दोहोंपैकी कोणताही घ्यायचा म्हटले तर मध्यमवर्गीय घरात दिवाळीच्या बोनसची वाट पाहावी लागते. पैसा असा राखून ठेवलेला असल्यावर ‘कोणताही घ्या’ हे उत्तर म्हणजे उत्तर टाळणे होय.

दुकानदार आधी आकडे ऐकवतो. कॅननचे मेगापिक्सेल २४.२, निकॉनचे २०.९. ऐकणाऱ्याला वाटते, केवढी ही तफावत! प्रत्यक्षात एकाच्या चित्राची रुंदी ६,००० ठिपक्यांची आणि दुसऱ्याची ५,५६८ ठिपक्यांची. फरक आठ टक्क्यांच्या आत. चित्राची कड जराशी कापली की तो संपला. वजन बॅटरी आणि कार्ड धरून एकाचे ३७५ ग्रॅम, दुसऱ्याचे ४०५. हा फरक फार तर एकदोन पेढ्यांचा. हात थरथरला तर सावरून घेणारी यंत्रणा दोघांच्याही अंगात नाही. जी आहे ती सोबत मिळणाऱ्या लेन्समध्ये. इथवर ‘दोन्ही सारखेच’ म्हणणाऱ्याचे अगदी खरे आहे.

पण कॅननच्या पाठीवर, वरच्या अंगाला, डोळा लावून पाहायची एक लहानशी खिडकी आहे. तिला व्ह्यूफाइंडर म्हणतात. निकॉनच्या या कॅमेऱ्याला ती नाही. आणि मागाहून बसवून घेऊ म्हटले तर तशी सोयही ठेवलेली नाही. हात पुढे करायचे, मागच्या पडद्याकडे पाहायचे आणि बटण दाबायचे. सल्लागार म्हणतात, त्यात काय बिघडले? सगळे जग मोबाइलवर असेच फोटो काढते!

काय बिघडले ते जुन्या स्टुडिओतल्या छायाचित्रकाराला विचारायला हवे होते. तिपाईवर लाकडी कॅमेरा, मागे धूसर काच, आणि काळ्या फडक्यात डोके खुपसून उभा असलेला तो गृहस्थ आपल्या कितीतरी आजोबा-आजींनी लग्नाच्या फोटोच्या वेळी पाहिला असेल. मुलांना त्याचे हसू येई. तो काही जादूटोणा करीत नव्हता. काचेवर उमटलेले चित्र उजेडात फिके पडते, म्हणून तो आपल्यापुरता अंधार करून घेत होता. दगेरने आपली युक्ती जाहीर केली १८३९ साली. तेव्हापासून ही कला एक साधी गोष्ट शिकत आली आहे: चित्र नीट पाहायचे तर पाहणाऱ्याच्या डोळ्याभोवती अंधार हवा. १९२५ साली लायका बाजारात आला तेव्हा त्याच्या डोक्यावर डोळ्याला लावायची इवलीशी खिडकी होती. १९५९ साली निकॉनने ‘एफ’ काढला, आणि चित्रात जेवढे येणार तेवढे सगळेच्या सगळे खिडकीत दाखवणारा कॅमेरा म्हणून त्याचा बोलबाला झाला. ज्या घराण्याने खिडकीवर नाव कमावले, त्याच घराण्याने नवशिक्याच्या कॅमेऱ्याची खिडकी बुजवावी, याला काय म्हणावे?

इथे एक जाणकार मला अडवील. म्हणेल, “रोलाइफ्लेक्स विसरलात वाटते! तो तर पोटाशी धरून, खाली मान घालून, काचेत बघत वापरायचा. होमाई व्यारावाला यांनी त्याच कॅमेऱ्याने दिल्लीचा इतिहास टिपला. कुठे होती त्यांच्या डोळ्याला खिडकी?” आक्षेप वजनदार आहे, पण अर्धाच. रोलाइफ्लेक्सच्या काचेभोवती चारही बाजूंनी उघडणारी पत्र्याची झडप होती आणि आत एक भिंग होते. झडप उजेड अडवी, भिंग चित्र मोठे करी. म्हणजे काळे फडकेच ते, फक्त पत्र्याचे! झेड३० च्या पडद्याभोवती काय आहे? भर दुपारचे ऊन.

आणि ऊन म्हणजे आपल्याकडचे. जेजुरीच्या पायऱ्यांवर बारा वाजता भंडारा उधळला जात असताना हा पडदा पुढे धरून पाहा. त्यात जेजुरी कमी आणि आपलेच तोंड जास्त दिसेल. पडद्याचा उजेड वाढवता येतो हे मला ठाऊक आहे. सूर्याशी पैज लावून बॅटरी किती टिकते हेही ज्याचे त्याने पाहावे.

दुसरी गोष्ट स्थिरपणाची. कॅमेरा कपाळाला टेकला आणि कोपरे बरगड्यांशी आली, की माणसाचे सगळे शरीरच तिपाई होते. हात लांब करून धरलेला कॅमेरा वाऱ्यावरच्या आकाशकंदिलासारखा हलतो. हे महत्त्वाचे अशासाठी, की या दोन्ही कॅमेऱ्यांबरोबर मिळणारी लेन्स उजेडाच्या बाबतीत कंजूष आहे. लांबच्या टोकाला दोघींचेही तोंड एफ/६.३ पर्यंतच उघडते. दिवेलागणीला, अंगणात पणत्या लावल्या जात असताना, असल्या लेन्सला वेळ जास्त द्यावा लागतो, आणि त्या वेळात हात स्थिर राहावा लागतो.

तिसरी गोष्ट चाळिशीची. पन्नाशीच्या गृहस्थाला हातभर अंतरावरचा पडदा स्पष्ट दिसायचा तर आधी खिशातून चष्मा काढावा लागतो. तोवर नात हसून पळून गेलेली असते. खिडकीच्या कडेला एक लहानशी कळ असते, ती फिरवली की चित्र आपल्या नंबराला जुळते. सल्ला देणारे बहुतेक पंचविशीतले असतात; त्यांना हे सुचणार कसे?

आता कॅननची वकिली करतो आहे असा कोणाचा समज व्हायला नको. आर५० ची खिडकी काही राजवाड्याची नाही. तेवीस लाख साठ हजार ठिपक्यांची, लहानशीच आहे. निकॉनला बोटांशी दोन चाके आहेत, कॅननला एकच. निकॉनची लेन्स रुंद टोकाला एफ/३.५ पर्यंत उघडते, कॅननची एफ/४.५ पर्यंत, म्हणजे त्या टोकाला निकॉन जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट उजेड आत घेतो. शिवाय तो थोडा अधिक रुंद पाहतो, आणि दोन खोल्यांच्या घरात सगळे कुटुंब एका चित्रात बसवायचे असेल तर हे उपयोगी पडते. कॅननने आपल्या आरएफ जोडणीची दारे इतरांच्या ऑटोफोकस लेन्सना बराच काळ बंद ठेवली. २०२४ मध्ये सिग्मा आणि टॅमरॉन यांना या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांपुरती वाट मिळाली. वचन मोडण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही घराणी तोलामोलाची. कॅननने २०१२ साली काढलेली ईएफ-एम जोडणी आणि निकॉनने २०११ साली काढलेली ‘निकॉन १’ मालिका, दोन्ही मोडीत निघाल्या आणि घेणाऱ्यांच्या लेन्स कपाटात राहिल्या.

पण या सगळ्या उणिवांना उपाय आहे. उजेड कमी पडतो? एफ/१.८ ची एक ५० मिलिमीटर लेन्स घ्यावी, एफ/६.३ च्या मानाने ती बारापट उजेड घेते, आणि कॅननच्या अशा लेन्सचे वजन अवघे १६० ग्रॅम आहे. चाक एकच आहे? बोटाला महिन्याभरात सवय होते. नसलेल्या खिडकीला मात्र उपाय नाही. आणि ज्याला निकॉनच हवा असेल त्यालाही वाट आहे: त्याच २०.९ मेगापिक्सेलचा, पण खिडकी असलेला झेड५० निकॉनने २०१९ मध्ये काढला आणि २०२४ मध्ये त्याची दुसरी आवृत्तीही आणली. माझे भांडण नावाशी नाही.

राहिला शेवटचा आक्षेप. “मिररलेसची खिडकी म्हणजे तरी काय? आत एक छोटा पडदाच ना? मग मागच्या मोठ्या पडद्याने काय घोडे मारले?” घोडे मारले नाही, पण अंधार मारला. खिडकीतही पडदाच आहे, हे कबूल. पण तो अंधारात आहे आणि पाहणाराही क्षणभर त्याच्याबरोबर अंधारात आहे. बाजूचा माणूस, वाजणारा फोन, आपण कसे दिसतो आहोत याची काळजी, सगळे बाहेर राहते. उरते चौकटीतले जग आणि एक निर्णय: आता, की अजून थांबावे? मोबाइल हे देत नाही. मोबाइल बाकी पुष्कळ देतो, बहुधा खिशात आधीपासूनच असतो. मग त्याच्याकडे जे नाही तेच वगळलेला दुसरा कॅमेरा विकत घेण्यासाठी बोनस का मोडायचा?

एका माणसाला झेड३० खुशाल घेऊ द्यावा. ज्याला स्वतःलाच चित्रित करायचे आहे, ओट्यापाशी उभे राहून पुरणपोळी दाखवायची आहे, त्याच्यासाठीच तो घडवला आहे. चित्रण सुरू झाले की पुढे तांबडा दिवा लागतो, पडदा वळून आपल्याकडे तोंड करतो. ते काम तो चोख करतो. तक्रार आहे ती, ज्याला जगाकडे पाहायचे आहे त्याच्या गळ्यात हेच हत्यार ‘दोन्ही सारखेच’ म्हणून बांधणाऱ्यांविषयी.

तेव्हा कॅमेरा घ्यायला निघालेल्यांना एवढेच सांगणे आहे. दुकान दुपारी गाठा. काचेच्या कपाटाशी, ट्यूबलाइटखाली उभे राहून निवड करू नका. दोन्ही कॅमेरे घेऊन दुकानाच्या पायरीवर या, समोरून येणाऱ्या एखाद्या सायकलस्वाराचा दोघांनीही फोटो काढा. कोणत्या कॅमेऱ्यात तो तुम्हाला दिसला आणि कोणत्यात तुम्ही नुसताच अंदाज बांधलात, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. दुकानदार पायरीवर यायला नाही म्हणाला, तर दुकान बदला.