दक्षिणा नको, दर ठरवा

वरवंड, पाटस, केडगाव या पट्ट्यात एखाद्या पोरानं घरी सांगावं की नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करतोय, की वडीलधारी म्हणतात, "म्हणजे बेकारच की!" दुसरीकडे कोर्स विकणारे सांगतात, "तीन महिन्यांत घरबसल्या लाखभर रुपये." या दोघांचंही ऐकू नये.

आधी वडीलधाऱ्यांचं बोलणं तपासू. पगारपत्रक नसलेला माणूस बेकार असेल, तर इथला जेसीबीवाला बेकार, लग्नाचे फोटो काढणारा बेकार आणि गुऱ्हाळावरचा गुळव्याही बेकारच. काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे ज्याला कळतं, त्याला 'तू कायम आहेस का' असं कुणी विचारत नाही; हंगामात मालकच त्याला शोधत येतात. लोगो काढून देणारी, भाषांतर करणारी, दुकानांचे हिशेब लिहिणारी पोरंही असंच कसबावर जगतात.

तरी वडीलधाऱ्यांची भीती अगदीच पोकळ नाही. शेजारच्या केडगावात मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचं चरित्र पाहा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुराण सांगत हे कुटुंब देशभर फिरलं. मिळकत श्रोत्यांच्या मर्जीवर. १८७४ मध्ये दुष्काळात उपासमारीनं आईवडील गेले. विद्या त्यांना वाचवू शकली नाही, कारण तिचं मोल देणाऱ्याच्या हातात होतं. पुढे रमाबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक काढलं आणि त्याच्या विक्रीतून १८८३ च्या इंग्लंडप्रवासाचा खर्च भागवला. विद्या घरातलीच होती, पण आता ती किंमत लावून विकली गेली. स्वतंत्र काम करणारा बुडतो तो बहुधा दक्षिणेवर जगायला गेल्यामुळे.

म्हणूनच 'सुरुवातीला पडेल त्या दरात काम घ्यावं, मग नाव होतं' हा सल्ला घातक आहे. स्वस्तातल्या कामानं नाव होतं ते 'स्वस्तातला' म्हणूनच. दराचा हिशेब साधा आहे. घरखर्च २५ हजार, वीज-इंटरनेट-दुरुस्तीचे ५ हजार, म्हणजे महिन्याला ३० हजार हवेत. सगळेच दिवस कमाईचे नसतात. गिऱ्हाईक शोधणं, फोन, वसुली यांत निम्मे जातात. बारा दिवस कमाईचे धरले तर दिवसाला २,५०० रुपये पडतात. हजारात राबणारा पोरगा गिऱ्हाइकाला सवलत देत नसतो, घरातली शिल्लक वाटत असतो.

'हे धंदे पुण्यातच चालतात' हा तिसरा समज. गावात वीज जाते, रेंज पळते, हे मान्य. त्यावर इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हा उपाय आहे. पुण्यातल्या खोलीभाड्याला उपाय नाही. वरवंड पुणे-सोलापूर महामार्गावर आहे, सकाळी निघालं तर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला भेटून संध्याकाळी परत येता येतं. शिवाय पहिलं गिऱ्हाईक परदेशातच असावं असा काही नियम नाही. गुळाच्या खोक्याला चांगलं लेबल हवं, रोपवाटिकेला फोटो हवेत, हॉटेलांना मेनू हवेत. या कामांची माहिती पुण्यातल्या पोरापेक्षा तुम्हाला जास्त आहे.

शेवटचा युक्तिवाद सगळ्यात गोड: 'ओळखीतलेच आहेत, पैसे कुठे जातात?' हे ऊस उत्पादकाला सांगून पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्यानं १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. एवढा नियम असूनही थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं होतात. फ्रीलान्सरलाही कायद्याचा आधार आहे. उद्यम नोंदणी मोफत, ऑनलाइन होते. काम घेण्याआधी ती केलेली असली, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याखाली लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. मात्र पुरावा लागतो: काम काय, किती दुरुस्त्या, कधी द्यायचं, किती रुपये, हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घेतलेलं हवं.

जमिनीचा व्यवहार इसाराशिवाय कुणी करत नाही. मग कामाला तीस-चाळीस टक्के इसार मागायला लाज कसली? जो इसार द्यायला कुरकुरतो, तो बिलाला नक्की रडवतो.

तेव्हा नोकरी सोडण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा, सुट्टीच्या दिवशी काम करून पुन्हा येणारी दोन गिऱ्हाइकं जोडा, दर ठरवा आणि तो लिहून द्या. एवढं जमलं तर राजीनामा द्या. नाही जमलं, तर नोकरी टिकवा. त्यातही कमीपणा नाही.