रिद्धपूरहून कोकणात मुले पाठवा

नागपूरच्या भोसल्यांकडे अर्धशतक समुद्रकिनारा होता, हे आज नागपुरातल्या महाल भागातल्या मुलांनाही सांगावे लागते. १७५१ मध्ये अलीवर्दी खानाशी झालेल्या तहाने ओडिशा नागपूरच्या अमलाखाली आला. १८०३ मध्ये देवगावच्या तहात कटक प्रांत बालेश्वर बंदरासह इंग्रजांना द्यावा लागला.

त्या किनाऱ्याची भाषाही आपल्याला परकी वाटते. मी इथे विदर्भात वर्षानुवर्षे मराठी शिकवले. धड्यात नाखवा म्हणजे नौकेचा मालक किंवा तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या आला की वर्ग गप्प होई. नांगर म्हटला की मुलांना काळ्या मातीतला नांगर दिसे, जहाज थोपवणारा नव्हे. हे शब्द कोकणवाल्यांचे, आपल्याला काय त्यांचे, असे इकडे सहज बोलले जाते. मला ते मुळीच मान्य नाही. वऱ्हाडी शब्द पुण्याच्या कोशात यावेत म्हणून आपण भांडतो, मग समुद्रावरच्या मराठीसाठीही आपणच भांडले पाहिजे.

समुद्रावरचे शब्द नोंदवण्याचे काम परक्यांनी गरजेपोटी केले. देशी खलाशांशी बोलता यावे म्हणून थॉमस रोबकने १८११ मध्ये कोलकात्यात इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला. मराठा आरमाराच्या आंग्र्यांच्या गुराबांशी, म्हणजे लढाऊ जहाजांशी, झुंजताना इंग्रजांच्या कागदपत्रांत ‘ग्रॅब’ हा शब्द रुळला. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात तो आहे, सारंग आणि तांडेलही आहेत. मोल्सवर्थनेही १८३१ च्या मराठी कोशात किनाऱ्यावरचे शब्द घेतले.

आता उशीर परवडणारा नाही. शीड गेले, इंजिन आले; दिशा जीपीएस दाखवते. उधाण आणि भांग हे शब्द टिकतील, कारण अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती आणि अष्टमीच्या सुमाराचे मंद पाणी इंजिनाने बदलत नाही. पण वाऱ्यावर चालणाऱ्या गलबताच्या दोऱ्यांची, काठ्यांची, शीड फिरवताना दिलेल्या हाकांची नावे उरली आहेत ती वयस्क तांडेलांच्या तोंडी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्यानिमित्ताने जो पैसा येईल, तो समारंभांत जाऊ नये. म्हाइंभटांनी जिथे लीळाचरित्र रचले, त्या रिद्धपूरला आज मराठी भाषा विद्यापीठ आहे. त्याने विद्यार्थ्यांची तुकडी सातपाटी, हर्णै, मालवणला पाठवावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तांडेल घरी भेटतात. प्रत्येक शब्द त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित व्हावा, शेजारी नौकेच्या त्या भागाचे चित्र असावे आणि कोणत्या बंदरात ऐकला त्याची नोंद असावी. शब्दांची नुसती यादी केली तर पन्नास वर्षांनी ती कोणालाच उलगडणार नाही.

आणि त्या तुकडीत भंडारा-गोंदियाकडच्या मासेमार ढिवरांची मुले हवीत. वैनगंगेत डोंगा घालणाऱ्या घरातली ही मुले तांडेलाला काय विचारायचे ते माझ्यापेक्षा चांगले जाणतील.