रांग एक, बोल्ट आठ

नमनाला घडाभर तेल न घालता सांगतो. यंत्राचं वर्णन करणाऱ्या इंग्रजी वाक्यात 'इज' हवं की 'आर', हा प्रश्न व्याकरणाच्या मास्तरांचा नाहीच. तो मोजणाऱ्याचा आहे. मॅन्युअलं तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे हा प्रश्न बिघडवणारे दोन प्रकारचे लोक मला रोज भेटतात. पहिले म्हणतात, "अर्थ कळला ना? मग इज काय नि आर काय!" दुसरे शाळेत पाठ केलेला नियम काढतात, लाल रेघ मारतात आणि पान उलटतात. आज मला दोघांशीही भांडायचं आहे.

एक साधं वाक्य घेऊ. 'अ रो ऑफ एट बोल्ट्स इज लोकेटेड अलाँग द टॉप एज.' म्हणजे झाकणाच्या वरच्या कडेला आठ बोल्टांची एक रांग आहे. नियमवाले म्हणतील, कर्ता 'रो', तो एकवचनी, म्हणून 'इज'. अगदी बरोबर. कडेची जागा अडवली आहे ती रांगेने.

आता हे बघा: 'अ रो ऑफ एट बोल्ट्स इज टाइटन्ड टू ५० न्यूटन मीटर.' कर्ता तोच, नियम तोच, लाल रेघेला वाव नाही. आणि वाक्य मात्र कुचकामी! रांग कोणी आवळत नाही हो. पाना बसतो तो एकेका बोल्टाच्या डोक्यावर. इथे 'इज'चं 'आर' करणं म्हणजे मलमपट्टी. खरा उपाय म्हणजे रांगेला खाली बसवून बोल्टाला पुढे आणणं: 'टाइटन ईच बोल्ट टू ५० न्यूटन मीटर.' आता वाचणाऱ्याला विचारावंच लागत नाही.

म्हणजे क्रियापद लिहिण्याआधी वाक्याकडे नाही, वस्तूकडे बघायचं. जे सांगतोय ते पुंजक्याबद्दल आहे की पुंजक्यातल्या एकेका नगाबद्दल? एवढं ठरलं की वचन आपोआप ठरतं. नियम नंतर येतो, आणि बहुतेक वेळा मान डोलवत येतो.

बहुतेक वेळा म्हणतोय, कारण नियमवाल्यांची 'ऑफच्या आधीचं नाम बघा' ही गुरुकिल्ली सगळ्या कुलपांना लागत नाही. 'द नंबर ऑफ होल्स इज सिक्स' बरोबर, पण 'अ नंबर ऑफ होल्स आर ड्रिल्ड'. ऑफच्या आधी दोन्हीकडे नंबरच! फरक असा की पहिल्यात आकड्याबद्दल बोलणं चाललंय, दुसऱ्यात भोकांबद्दल. तसंच 'ट्वेंटी वॉशर्स आर रिक्वायर्ड', पण 'ट्वेंटी मिलिमीटर्स ऑफ क्लिअरन्स इज रिक्वायर्ड'. वॉशर वीस असतात. फट एकच असते, वीस मिलिमीटरची. व्याकरण इथे वस्तूच्या मागून चालतंय.

"आपल्या लोकांना इंग्रजी जमतच नाही" हे पालुपद आता येणार, तेव्हा त्यालाही आधीच उत्तर देतो. 'रामने आंबा खाल्ला, रामने पोळी खाल्ली, रामने आंबे खाल्ले' हे मराठी पोर शाळेत जायच्या आधी बिनचूक बोलतं. कर्ता तोच, आणि क्रियापद कर्माच्या तालावर नाचतंय! कर्तरी, कर्मणी, भावे असे तीन तीन प्रयोग जिभेवर खेळवणाऱ्यांना इज-आर जड जावं, हे काही पटत नाही.

अडचण शब्दांच्या क्रमात आहे, असं माझं मत. आपण म्हणतो, 'आठ बोल्टांची रांग बसवली आहे.' बोल्ट षष्ठीचा प्रत्यय लावून मागे बसलेले, आणि क्रियापदाला खेटून उभी रांग. इंग्रजीत उलट. रांग लांब राहते आणि बोल्ट क्रियापदाच्या कानाशी लागतात. कानाशी लागणाऱ्याचं ऐकलं जातं, हे घरातही खरं आणि वाक्यातही. बरं, हे फक्त आपलंच नाही. कॅथरिन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत जन्माने इंग्रजी बोलणारेही एकवचनी कर्त्यानंतर मध्येच अनेकवचनी नाम आलं की घसरताना दिसले.

दुसरी गंमत जागेची. 'डाव्या बाजूला एक मोटर आणि दोन व्हॉल्व्ह आहेत.' आपलं क्रियापद शेवटी येतं, तोवर सगळं मोजून झालेलं असतं. हीच मांडणी इंग्रजीत नेली की 'ऑन द लेफ्ट' म्हटल्याबरोबर इज किंवा आर म्हणावं लागतं, म्हणजे ताटं किती ते कळायच्या आत पंगत बसवायची. इथे वाद घालत बसू नये. 'द लेफ्ट साइड हॅज दीज पार्ट्स' असं लिहून खाली यादी द्यावी.

आता पहिल्या मंडळींकडे वळतो. अर्थ कळला ना, म्हणणारे. 'द व्हॉल्व्ह्ज आर कनेक्टेड टू अ पंप.' व्याकरण चोख. सांगा, पंप किती? सगळ्या व्हॉल्व्हांना मिळून एक, की प्रत्येकाला एकेक? तुम्हाला कळलं, कारण तुम्ही यंत्र पाहिलं आहे. ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठीच तर मॅन्युअल असतं.

एक की दोन, यात किती मोठा फरक असतो? अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत हयात रीजन्सी हॉटेलाच्या दालनात एकाखाली एक असे दोन पूल छताला टांगलेले होते. मूळ रचनेत छतापासून निघालेली प्रत्येक सळई वरच्या पुलातून आरपार जाऊन खालचा पूलही पेलणार होती. पुढे एका सळईच्या दोन झाल्या: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्यापर्यंत. त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर एकाऐवजी दोन पुलांचा भार आला. मूळ रचनाही तिथल्या बांधकाम नियमांत बसणारी नव्हतीच, त्यात हे. १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. चूक व्याकरणाची नव्हती, असा आव मला आणायचा नाही. पण 'एक सळई दोन पूल पेलते' आणि 'दोन सळया दोन पूल पेलतात' ही वाक्यं कानाला किती जवळची वाटतात बघा. आणि मग सांगा, वचन ही फालतू गोष्ट आहे का.

विमानांच्या देखभालीची मॅन्युअलं लिहिणाऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं. त्यांच्या 'सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश'मध्ये सूचनेच्या वाक्याला जास्तीत जास्त वीस शब्द, वर्णनाच्या वाक्याला पंचवीस. एवढ्या छोट्या वाक्यात कर्ता आणि क्रियापद एकमेकांपासून फार लांब जाऊच शकत नाहीत. ते तंत्र आपल्यालाही फुकट वापरता येतं. कोणी अडवलंय?

तेव्हा लाल पेनवाल्यांनो, रेघ मारण्याआधी एकदा ड्रॉइंग उघडा. आणि "अर्थ कळला ना" वाल्यांनो, तुमचं मॅन्युअल एकदा अशा माणसाच्या हातात द्या, ज्याने ते यंत्र जन्मात पाहिलेलं नाही. आणि त्याला फक्त एवढंच विचारा: किती बोल्ट आवळलेस?