बुडत्या बांधीचे बियाणे

रोवणी आटोपून पंधरा दिवस होत नाहीत तोच नदी शेतात शिरते, हे ओडिशा, बिहार, आसामच्या धान उत्पादकांच्या पाचवीलाच पुजलेले आहे. पाण्याखाली गेलेल्या रोपात इथिलिन वायू कोंडतो आणि रोप उंच वाढू लागते. पाण्यावर डोके काढण्याच्या त्या धडपडीत साठवलेली सारी शर्करा संपते. आठ-दहा दिवसांनी पूर ओसरतो, तेव्हा बांधीत उरतात लोळलेली, कुजू लागलेली रोपे. मग पंचनामे होतात, मदत जाहीर होते. हंगाम गेला तो गेलाच.

यावरचा उतारा ओडिशाच्या सखल शेतांतच होता. ‘धलपुटिया’ या तिथल्या गावरान धानातून गेल्या शतकाच्या मध्यावर ‘एफआर १३ ए’ हे वाण निवडले गेले. पूर्ण बुडाल्यावर ते वाढ थांबवते, शर्करा राखून ठेवते आणि पाणी उतरताच नव्याने फुटते. उत्पादन मात्र कमी. त्यामुळे संकर केला की नको ते गुणही सोबत येत. १९९६ मध्ये या गुणाची जागा नवव्या गुणसूत्रावर सापडली, २००६ मध्ये ‘सब-१ ए’ जनुक उजेडात आले. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रेणवीय खुणांच्या आधारे नेमका तेवढाच अंश लोकप्रिय ‘स्वर्णा’त उतरवला. २००९ मध्ये ‘स्वर्णा सब-१’ भारतात प्रसारित झाले. ओडिशातील शेतांवरच्या अभ्यासात दहा दिवस बुडालेल्या रानात त्याने स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त उत्पादन दिले. त्याच अभ्यासाने दाखवले की पूरप्रवण सखल जमिनी अनुसूचित जातींच्या वाट्याला अधिक आल्या आहेत. ज्यांचे सर्वाधिक बुडते, त्यांनाच या बियाण्याचा सर्वाधिक आधार आहे.

असे बियाणे केवळ बाजारावर सोडणे चूक ठरेल. पूर नसलेल्या वर्षी हे वाण स्वर्णाएवढेच पिकते. त्याचा गुण पुरातच कळतो. शिवाय धानाचे सरळ वाण शेतकरी घरी राखतो, म्हणून खासगी कंपन्यांना त्यात फारसा रस नसतो. ही जबाबदारी सरकारचीच आहे.

महाराष्ट्रानेही हे मनावर घ्यावे. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत उभे धान बुडवले. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातून निवडलेले एचएमटी धान पूर्व विदर्भाच्या ओळखीचे आहे. अशा आपल्या वाणांत ‘सब-१’ उतरवण्याचे काम सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राकडे, पुरेशा निधीसह, सोपवले पाहिजे.

अर्थात एका जनुकाने सगळे पूर पेलत नाहीत. ‘सब-१’ साधारण दोन आठवड्यांच्या बुडितापुरते आहे. महिनोन् महिने तुंबलेल्या पाण्यात किंवा बांध फुटून खाडी शिरलेल्या खाजणात ते पुरे पडत नाही. कोकणच्या खारजमिनीसाठी पनवेलच्या केंद्राने क्षार सोसणारी वाणे दिली, गोव्यात गावरान ‘कोरगुट’ आजही खाजणात तग धरतो. क्षार आणि बुडित दोन्ही सोसणारे वाण हवे असेल, तर शोध याच गावरान धानांत घ्यावा लागेल. त्यांचे बियाणे शीतगृहात जपले जाईल, पण ते दरवर्षी खाजणात पेरलेही गेले पाहिजे. ते पेरणाऱ्या शेतकऱ्याला, उत्पादनात येणारी तूट भरून निघेल एवढे अनुदान राज्याने येत्या खरिपापासून द्यावे.