'मानधन मिळणार नाही' : अशा जाहिराती छापायच्या का?

आपल्या त्रैमासिकाच्या शेवटच्या पानावर 'कामाच्या जागा' हे सदर असते. सातारा-सांगलीकडच्या बाईला कुठे शिवणकाम आहे, कुठल्या बालवाडीत जागा आहे, कोणत्या संस्थेला कार्यकर्ती हवी आहे हे घरबसल्या कळावे, एवढाच त्याचा हेतू. या वेळी त्या पानासाठी आलेल्या मजकुरात तीन सूचना अशा होत्या की ज्यांत काम आहे, वेळ आहे, अटी आहेत. पैसे मात्र नाहीत. एका संस्थेला रोज चार तास वस्तीत सर्वेक्षण करणाऱ्या 'सेवाभावी' मुली हव्या आहेत. एका शिकवणी वर्गाला 'अनुभवासाठी' शिक्षिका हवी आहे. तिसरी सूचना आम्हाला सर्वस्वी नवी होती. मोबाइलवरचे खेळ तयार करणाऱ्या तरुणांच्या एका गटाला चित्रे काढणारी आणि मराठीत आवाज देणारी मुलगी हवी. मानधन नाही, खेळात नाव येईल, खेळ चालला तर पुढे पाहू.

या तिन्ही सूचना छापाव्यात की नाही यावर आमच्या दोन बैठका झाल्या. एकमत झाले नाही. संपादकीयाची पाळी माझी, म्हणून माझे म्हणणे मांडते: 'काम' या मथळ्याखाली बिनपैशाची जागा छापू नये.

विरोधी मत हलके नाही. ज्या मैत्रिणी ते मांडत होत्या त्यांनी उभे आयुष्य पगाराशिवाय काम केले आहे. शिवाय आपले दोन्ही जिल्हे अशा कामावर पोसलेले आहेत. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारातल्या कार्यकर्त्यांना घरात लपवणाऱ्या, त्यांच्यासाठी भाकरी थापणाऱ्या बायकांनी मजुरी मागितली नव्हती. खानापूर तालुक्यातले बळीराजा धरण श्रमदानाने उभे राहिले. कोरेगाव तालुक्यातले वेळू गाव २०१६ च्या पहिल्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिले आले तेही गावकऱ्यांच्या घामावर. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगली बुडाली, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली, तेव्हा छावण्यांत स्वयंपाक करायला, साफसफाई करायला आलेल्या कुणाला 'मानधन किती' हे सुचलेही नसेल. पैशाशिवाय केलेले सगळेच काम म्हणजे शोषण, असे मी म्हणत नाही. पुरात मी स्वतः महिनाभर होते आणि ते दिवस मला विकायचे नाहीत.

पण या उदाहरणांकडे जरा नीट पाहू या. त्यात वरून हुकूम देणारा मालक नव्हता. केलेल्या कामातून दुसऱ्या कुणाची तिजोरी भरत नव्हती. आणि ज्याला नको वाटेल त्याला उद्या न येण्याची मुभा होती. (श्रमदानातही एक प्रश्न उरतोच: चर खणायला भूमिहीन बाई सर्वांत पुढे असते, आणि पाणी मात्र ज्याची विहीर त्याला मिळते. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आलेल्या तिन्ही सूचनांत हजेरी आहे, वरिष्ठ आहे, वेळेचे बंधन आहे. शिकवणी वर्ग मुलांकडून फी घेतो. सर्वेक्षणासाठी संस्थेला निधी मिळतो, त्यातून प्रकल्प अधिकाऱ्याचा पगार निघतो, गाडीचे डिझेल निघते, अहवालाची छपाई निघते. एकटी वस्तीत फिरणारी मुलगीच तेवढी 'सेवाभावी'!

साताऱ्यात त्यागाचा विषय निघाला की लक्ष्मीबाई पाटलांचे नाव येतेच. कर्मवीरांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिले. त्यांच्यापुढे आपण नतमस्तकच आहोत. परंतु पगारवाढ मागणाऱ्या शिपाई बाईला जेव्हा ही गोष्ट ऐकवली जाते, तेव्हा सांगणाऱ्याचा हेतू तपासून पाहावा. त्याच कर्मवीरांची दुसरी शिकवण 'कमवा आणि शिका' अशी आहे. काम करणाऱ्या गरीब मुलाला कामाचा मोबदला शिक्षणाच्या रूपाने मिळालाच पाहिजे, हा तिचा अर्थ. 'अनुभव मिळेल' एवढ्यावर त्यांनी मुलांची बोळवण केली नव्हती.

शब्दांचा खेळ कुठवर जातो हे पाहायचे तर आपल्या गावातल्या आशाताईंकडे पाहावे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि त्यात त्यांना 'स्वयंसेविका' म्हटले गेले. कर्मचारी नव्हे, म्हणून वेतन नाही, कामागणिक मोबदला. करोनाच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजला तो यांनीच. जून २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना संपावर जावे लागले; मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मानधनात दरमहा ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेने २०१३ सालीच केली होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. गौरव झाला, नाव स्वयंसेविका हेच राहिले. एकदा कागदावर हा शब्द पडला की तो पुसायला वीस वर्षेही पुरत नाहीत. म्हणूनच आपल्या पानावर तो कशाखाली छापला जातो याला महत्त्व आहे.

कायदा काय म्हणतो? किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही संविधानाच्या २३व्या कलमाने बंदी घातलेली वेठबिगारीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात आणि १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात सांगितले. पण किमान वेतन मागायचे तर आधी कर्मचारी ठरावे लागते. पळवाट तिथेच आहे. इंग्लंडच्या १९९८ च्या किमान वेतन कायद्याने ती निम्मी तरी बुजवली आहे: धर्मादाय, स्वयंसेवी वा सरकारी संस्थांनाच बिनवेतन स्वयंसेवक ठेवता येतात, नफा कमावणाऱ्या कंपनीला नाही.

आता त्या खेळवाल्या मुलांविषयी. त्यांचा मला राग नाही. फोनवर बोलले तेव्हा कळले की चौघेही वडिलांच्या पैशावर जगत आहेत आणि त्यांनीही अजून दमडी मिळवलेली नाही. सांगली ही नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथे 'सीता स्वयंवर' उभे केले, तेव्हापासून आपल्याकडे हौशी मंडळींची परंपरा आहे. दिवसभर बँकेत काम करायचे, रात्री तालीम, खिशातले पैसे घालून नेपथ्य, आणि तालमीनंतर एका कागदावर सगळ्यांचे भडंग. त्याला आपण कधी वेठबिगार म्हटले नाही. मग खेळ करणाऱ्यांनीच काय घोडे मारले?

काही नाही, जर तो खेळ सगळ्यांचा असेल तर. मोबाइलवरचा खेळ बहुधा फुकट उतरवून घेता येतो. पैसा येतो तो मधूनमधून दिसणाऱ्या जाहिरातींतून आणि पुढच्या पायऱ्यांसाठी खेळणाऱ्याने मोजलेल्या रकमेतून. तो ज्याच्या नावावर खेळ नोंदवला त्याच्या खात्यात जमा होतो. सूचनेत हवी असलेली मुलगी मंडळाची पाचवी सभासद आहे, की चौघांच्या मालकीच्या खेळाला फुकट चित्रे पुरवणारी? मी हे विचारले तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. प्रोग्रॅम लिहिणारे ते भागीदार आणि चित्र काढणारी, आवाज देणारी ती 'मदतनीस', ही वाटणी आपल्याला घरातून चांगलीच ओळखीची आहे.

अशा कामाला जाणाऱ्या मुलींसाठी एक माहिती इथेच देते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढणारीच सहसा त्या चित्राची पहिली मालक असते. नोकरीचा भाग म्हणून काढले असेल तर मात्र मालकी नोकरी देणाऱ्याची. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर सहीनिशी लेखी करार लागतो. तेव्हा पैसा मिळाला नसेल तर निदान पुढे केलेल्या कागदावर वाचल्याशिवाय सही करू नका.

बैठकीत शेवटचा मुद्दा आला तो असा: मुलींना अनुभव तर मिळतो ना? मिळतो. पण कोणत्या मुलींना? एमएसडब्ल्यू करताना क्षेत्रकार्य आम्हीही विनामोबदला केले. एसटीचे भाडे खिशातून जात असे. दुष्काळी भागातून आलेली आमची एक मैत्रीण दुसऱ्या वर्षी बसऐवजी पायी येऊ लागली आणि तिसऱ्या सत्रात दिसेनाशी झाली. जिचे वडील भाडे भरू शकले तिला अनुभव मिळाला, अनुभवावर नोकरी मिळाली. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ सरासरी २८९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ८८. घरी जवळजवळ पाच तास फुकट राबून आलेल्या बाईला आपण आणखी चार तास फुकट मागणार, तेही 'संधी' म्हणून!

ही कसोटी आपल्या त्रैमासिकालाही लागू आहे. कागदवाला आणि छापखाना रोख पैसे घेतात. लिहिणाऱ्या आणि मुद्रिते तपासणाऱ्या घेत नाहीत. अंकातून कुणालाच पगार निघत नाही आणि हिशेब दरवर्षी सभेत ठेवला जातो, तोवर हे हौशी मंडळ आहे. उद्या एकीला जरी पगार सुरू झाला, तरी मुद्रिते तपासणारीचा दर त्याच दिवशी ठरवावा लागेल.

लहान गटांची अडचण खरी आहे, म्हणून दार सगळेच बंद केलेले नाही. पुढील अंकापासून 'कामाच्या जागा' या सदरात रक्कम लिहिलेली सूचनाच छापली जाईल; 'योग्य मानधन' हे शब्द चालणार नाहीत, आकडा हवा. बिनपैशाच्या कामासाठी 'सोबत हवी' असा वेगळा रकाना असेल. त्यात आठवड्याचे तास, प्रवासखर्च कोण देणार, गटातल्या कुणाकुणाला पैसे मिळतात आणि तयार झालेली वस्तू कोणाच्या मालकीची, हे चारही लिहून द्यावे लागेल. नफा कमावणाऱ्यांना त्या रकान्यात जागा नाही. शिकवणी वर्गाला तसे कळवले आहे. सर्वेक्षणवाल्या संस्थेने दिवसाला किती देता येईल ते सांगतो म्हटले आहे. खेळवाल्या मुलांनी भागीदारीचा कागद करून पाठवतो असे सांगितले. तो आल्यावर त्यांची सूचना छापू. मजकूर पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत पोचावा.