राखलेलें रान

'झाडें लावा' असा उपदेश हल्लीं जिकडे तिकडे ऐकूं येतो. तीं राखावयाचीं कोणीं, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाहीं. म्हणून शिन्यांगाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

टांझानिया देशांत, व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिणेस, हा कोरडा प्रांत आहे. येथील वासुकुमा लोक गुरें पाळतात व शेती करितात. गेल्या शतकाच्या पूर्वार्धांत त्से-त्से माशीच्या नायनाटासाठीं इंग्रज सरकारनें येथील झाडी तोडविली. पुढें कापसाच्या शेतीनें व वाढत्या गुरांनीं उरलीसुरलीही संपविली. सरपणासाठीं बायकांना कोसच्या कोस चालावें लागूं लागलें. मोठ्या कुटुंबाची चूल सांभाळणाऱ्या आमच्या भगिनींना याचा अर्थ सांगावयास नको.

१९८६ सालीं तेथील सरकारनें 'हिफाधी अर्धी शिन्यांगा', म्हणजे शिन्यांगाचें भूमिरक्षण, हें कार्य आरंभिलें. (आपल्या 'हिफाजत' शब्दाचा हा दूरदेशींचा भाऊबंद पाहून आम्हांस मौज वाटली.) आरंभीं अर्थात् रोपवाटिका निघाल्या, परक्या जातींचीं रोपें वाटलीं, यश बेताचेंच आलें. मग लक्ष गेलें तें 'न्गितिली' या वासुकुमांच्या जुन्या रीतीकडे.

पाऊस सुरू होतांच रानाचा एक तुकडा गुरांना बंद करावयाचा, आणि कोरड्या ऋतूंत इतरत्र काडी मिळेनाशी झाली कीं तो भागाभागानें उघडावयाचा. वासरांचा व अशक्त जनावरांचा मान पहिला. कांहीं रानें घरचीं, कांहीं गांवचीं. नियम 'दागाशिदा' ही ग्रामसभा ठरविते, पहारा 'सुंगुसुंगु' हे गांवचेच रक्षक करितात, मोडणारास दंड होतो. १९७० नंतर सरकारनें लोकांना उठवून नव्या गांवांत बसविलें, तेव्हां ही रीत जवळजवळ मोडली होती. १९८६ मध्यें अशीं रानें अवघीं ६०० हेक्टर उरलीं होतीं. १८ वर्षांत तीं ८००हून अधिक गांवांत मिळून सुमारे ३,५०,००० हेक्टर झालीं. जमिनींत मुळें जिवंत होतीं. कुऱ्हाड आणि चराई थांबतांच त्यांना धुमारे फुटले. संस्कृतांत नसलेलें मिळविणें तो योग, असलेलें राखणें तो क्षेम. रोपवाटिका योगामागें होत्या. गांवकऱ्यांनीं क्षेम साधला.

एक गोष्ट मात्र आम्हांस बोचते. ज्याची जमीन व गुरें अधिक, त्याचेंच घरचें रान मोठें. फायद्याचा मोठा वांटा सधनांकडे गेला, असें पाहणींतही दिसून आलें. ज्याच्या दावणीला गुरूंच नाहीं त्यानें गवताचें काय करावें? घरच्या रानांपेक्षां गांवचीं रानें वाढावींत, असें आमचें मत आहे. त्यांतील सरपण, छपराचें गवत, मध व औषधी पाला गरिबाच्याही घरीं जातो, आणि त्यांच्या उत्पन्नांतून कित्येक गांवांनीं शाळेच्या खोल्या बांधल्या आहेत.