एंजिनाचें पोट

हल्लीं वरच्या वर्गांतील मुलांच्या बोलण्यांत 'बोअर वाढविणें' हा शब्दप्रयोग वारंवार येऊं लागला आहे. कोणाच्या थोरल्या भावानें दीडशें सी. सी. ची मोटारसायकल एकशें ऐंशीची करून घेतली, कोणी जुन्या मोटारींत मोठा क्रँक बसविणार आहे, अशा वार्ता मधल्या सुटींत क्रिकेटच्या धांवसंख्येइतक्याच आवडीनें सांगितल्या जातात. पालकमंडळी त्या ऐकून एक तर पोरगें वायां चाललें म्हणून कपाळावर हात मारून घेतात, नाहीं तर हट्टापुढें हार खाऊन पैसे काढून देतात. आमच्या मतें हे दोन्ही मार्ग चुकीचे आहेत. पोराचें वेड काय आहे हें आधीं समजून घेतलें, तर पैसेहि वांचतील आणि कदाचित् पोराचें कल्याणहि होईल.

सी. सी. म्हणजे घन सेंटिमीटर. एंजिनाच्या सिलिंडरांत पिस्टन (आमच्या जुन्या पुस्तकांत यास दट्ट्या म्हणत) खालीं-वर होतो. तो एका फेऱ्यांत जेवढी जागा व्यापतो ती सर्व सिलिंडरांची मिळून जेवढी होईल, तेवढे एंजिनाचे सी. सी. वृत्तचितीचें घनफळ काढण्याचें सूत्र शाळेंत घोकलेल्या कोणासहि हा हिशेब करतां येईल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट टॅक्सीचें उदाहरण घेऊं. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यांतून निघणाऱ्या त्या पद्मिनी गाडीच्या सिलिंडराचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा फेरा ७५ मिलिमीटर आणि सिलिंडर चार. गुणाकार करा, १०८९ सी. सी. येतात. हें एंजिन मूळचें इटलींतील, १९३७ सालचें. पुढें फियाट कंपनीनेंच तिकडे व्यास ६८ चा ७२ केला, फेरा तोच ठेवला, आणि एंजिन १२२१ सी. सी. चें झालें. आपल्याकडे मात्र १०८९ हाच आंकडा शेवटपर्यंत राहिला. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरांत ती रस्त्यावरून गेली.

याहून जवळचें उदाहरण पुण्याचें आहे. आकुर्डीच्या बजाज कंपनीनें २००१ सालीं पल्सर या नांवाच्या दोन मोटारसायकली काढल्या. दोहोंचा फेरा ५६.४ मिलिमीटर, एकीचा व्यास ५७, दुसरीचा ६३.५. पहिलीचे सी. सी. १४३.९ भरले, दुसरीचे १७८.६. २००७ सालीं ६७ व्यासाची, १९८.८ सी. सी. ची तिसरी आली; आणि त्याच व्यासावर फेरा ५६.४ चा ६२.४ करून बरोबर २२० सी. सी. चीहि आली. एंजिनाचें पोट वाढविण्याच्या दोन्ही रीति येथें एकाच घराण्यांत पाहावयास मिळतात: सिलिंडर रुंद करणें, किंवा क्रँक बदलून पिस्टनची धांव लांबविणें.

मग आमच्या मुलांनीं तसें कां करूं नये? आगाशींतील वाडीवाल्यांस आम्ही रहाटाची आठवण करून देतों. रहाटाला मोठीं गाडगीं बांधलीं म्हणजे दर फेऱ्यास पाणी अधिक येतें खरें. पण ओढणाऱ्या रेड्यास वैरण अधिक लागते आणि जुना आंस कुरकुरूं लागतो. एंजिनाचें तसेंच आहे. २२० च्या क्रँकनें फेरा ६ मिलिमीटर वाढतो, म्हणजे पिस्टन पूर्वीपेक्षां ३ मिलिमीटर वर व ३ मिलिमीटर खालीं जाऊं पाहतो. कनेक्टिंग रॉड आंखूड केला नाहीं, किंवा पिस्टनमधील पिनेची जागा वर सरकविली नाहीं, तर पिस्टन हेडावर आपटावयाचा. मिनिटाला ८००० फेरे घेतांना पिस्टनची सरासरी गति सेकंदाला १५ मीटरांवरून १६.६ मीटरांवर जाते, व प्रत्येक फेऱ्याच्या टोकाला रॉडला बसणारी ओढ दहा टक्क्यांनीं वाढते.

व्यास वाढविला तर वेगळीच अडचण. पद्मिनीच्या एका सिलिंडराचे २७२ सी. सी. होतात. समजा, तिची दाबपट साडेसात आहे. तर पिस्टन वर असतांना वरती सुमारें ४२ सी. सी. जागा उरते. व्यास ७२ केला आणि ती जागा तेवढीच राहिली, तर दाबपट सव्वाआठाच्या वर जाते. साध्या पेट्रोलावर एंजिन ठोकूं लागतें, आणि दुर्लक्ष केल्यास पिस्टन भाजून निघतो. शिवाय सिलिंडराची भिंत चारीं बाजूंनीं २ मिलिमीटर पातळ होते, तें निराळेंच. अमेरिकेंत शेव्हरलेटच्या ३५० घनइंची एंजिनांत ४०० घनइंची एंजिनाचा क्रँक बसवून ३८३ घनइंच करण्याची चाल फार जुनी आहे. परंतु तेथेंहि त्या क्रँकच्या बेअरिंगच्या जागा २.६५ इंचांवरून २.४५ इंचांवर घासून आणाव्या लागतात, आणि रॉड घासूं नये म्हणून ब्लॉकहि कोठें कोठें कापावा लागतो. जो हें सर्व मोजून-मापून करतो त्या कारागिराबद्दल आम्हांस खरा आदर आहे. चार पुस्तकें शिकलेल्या पालकांस गॅरेजांतले तेलकट हात हलके वाटतात, हें मात्र आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

आतां कायद्याची गोष्ट. गाडीचे सी. सी. तिच्या नोंदणीपत्रांत लिहिलेले असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम सांगतें कीं, मालकानें गाडींत असा फेरफार करूं नये कीं ज्यानें त्या पत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल. सर्वोच्च न्यायालयानेंहि ९ जानेवारी २०१९ रोजीं हेंच ठरविलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें दर फेरफारास ५००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. विम्याचा हप्ताहि सी. सी. वरूनच ठरतो, १५० पर्यंतच्या दुचाकीचा दर एक, त्यापुढचा दुसरा. चाळपेठेच्या वळणावर कोणास धक्का लागला आणि कागदावरचा आंकडा गाडींतल्या आंकड्याशीं जुळला नाहीं, तर विमा कंपनीस वाद घालण्यास जागा मिळते, आणि कोर्टाच्या पायऱ्या बापास चढाव्या लागतात. ब्रेक, टायर व चेसिस जुन्याच शक्तीच्या बेताचे असतात हें पोरें विसरतात.

येथें कोणी म्हणेल, मग बजाज कंपनीस कां मुभा? कारण तिची प्रत्येक नवी गाडी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून मगच विकली जाते. पोट वाढवावयाचें तर असें, चारचौघांत. कधीं तें कमीहि करावें लागतें. डिसेंबर २०१५ मध्यें दिल्लीकडे २००० सी. सी. व त्यावरील डिझेल गाड्यांची नोंदणी न्यायालयानें बंद केली, तेव्हां महिंद्र कंपनीनें आपलें २१७९ सी. सी. चें एंजिन थोड्याच आठवड्यांत १९९० सी. सी. चें करून बाजारांत आणलें. ऑगस्ट २०१६ मध्यें ती बंदी उठली.

तेव्हां पालकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, मोठ्या बोअरच्या किटास पैसे देऊं नका. त्याहून कमी पैशांत भंगारवाल्याकडून एखादें मेलेलें एंजिन आणून मागील पडवींत ठेवा. रस्त्यावर न येणाऱ्या एंजिनाला ५२ वें कलम लागत नाहीं. मुलास तें खोलूं द्या. सिलिंडर वरच्या टोकाकडे अधिक झिजलेला असतो हें त्यास आपल्या बोटानें कळूं द्या. मग झीज काढण्यापुरता बोअर करून एक माप मोठा पिस्टन घालणें ही साधी दुरुस्ती आणि पोट वाढविणें हें साहस, यांतील भेद त्यास सांगावा लागणार नाहीं. पद्मिनीचा व्यास तसा एक मिलिमीटर वाढला तरी १०८९ चे ११२२ च होतात. आमच्या शाळेच्या कार्यशाळेसाठींहि असें एक एंजिन कोणी देईल तर आम्ही तें आनंदानें स्वीकारूं. हातगाडीचें भाडें आम्ही देऊं.

तोंवर आठवी-नववीच्या मुलांसाठीं एक उदाहरण. एका एंजिनास चार सिलिंडर आहेत. व्यास ८५ मिलिमीटर, फेरा ९६. सी. सी. काढा, आणि तें वर सांगितलेल्यांपैकीं कोणतें एंजिन तें उत्तरासोबत लिहून आणा.